सगळंच पाणी उष्टं

तीर्थस्वरूप दादा,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण कंबर धरली आहे, मनाने घातला असं समजून घ्यावं.) तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे देवाच्या कृपेने सगळे ठीक आहेत. तुमची धाकटी बहीणही ठीक आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. 'तीर्थस्वरूप' लिहितानाच हात जरा अडखळला, कारण तीर्थ म्हणजे शेवटी पाणीच, आणि सध्या आमच्या घरात पाण्यावरूनच जुंपली आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात आहे. शहरभरच्या मोऱ्यांचं, न्हाणीघरांचं आणि (तुम्ही जेवायला बसला नसाल अशी आशा आहे) इतर ठिकाणचंही पाणी आमच्याकडे येतं. पूर्वी ते बऱ्यापैकी साफ करून आम्ही नदीत सोडत असू आणि पुढचं नदी बघून घेत असे. आता नवी यंत्रं आली आहेत. गाळ खाली बसतो, जिवाणू घाण खातात, मग पाण्याखेरीज जवळजवळ काहीच जाऊ देत नाहीत अशा बारीक पडद्यांतून ते पाणी दाबून काढायचं आणि शेवटी जंतू मारणाऱ्या दिव्याखालून न्यायचं. बाहेर पडतं ते इतकं निर्मळ असतं की चवीपुरते क्षार आम्हालाच परत घालावे लागतात. माणसालाही एकदा या पडद्यांतून काढावं असं मला पुष्कळदा वाटतं. पण पलीकडे नुसतं पाणीच येईल आणि बाकीचा माणूस अलीकडे आमच्या अंगावर पडेल, म्हणून गप्प बसतो.

हे पाणी केंद्राच्या भिंतीपलीकडच्या वस्तीच्या टाकीत सोडायचं ठरलं आहे. तिथे दिवसाआड, करंगळीएवढ्या धारेने पाणी येतं आणि त्यासाठी बायाबापड्या अंधारात उठून रांग लावतात. वस्ती 'हो' म्हणाली तर नळाला रोज पाणी. 'नको' म्हणाली तर हेच पाणी मोठ्या साहेबांच्या कचेरीपुढच्या हिरवळीला जाणार. (हिरवळ काही तक्रार करत नाही, म्हणून साहेबांचा ओढा तिकडे आहे.)

वस्तीची खात्री पटावी म्हणून मागच्या रविवारी केंद्रात कार्यक्रम ठेवला होता. साहेब 'शाश्वत विकास' या विषयावर इतकं बोलले की माईकही मधून मधून कण्हू लागला. (आमच्या लहानपणी शाश्वत फक्त देव असायचा, आता विकास असतो.) पृथ्वीकडे जे आहे ते मोजकं आहे, तेच पुन्हा पुन्हा वापरलं पाहिजे, असं ते टेबलावर मूठ आपटून सांगत होते, आणि प्रत्येक आपटण्याला समोरची सीलबंद पाण्याची प्लॅस्टिकची बाटली उडत होती. प्रत्येक पाहुण्यासमोर तशीच एक. सगळ्यांनी एकेक घोट घेतला आणि बाटल्या तिथेच टाकल्या.

मग आमच्या पाण्याचे ग्लास आले. केंद्राचे सल्लागार म्हणाले, डॉक्टरांनी पाणी बेतानेच प्यायला सांगितलंय. पाहुण्यांपैकी एकाचा घसा बसला होता, ते त्याने बसलेल्या घशानेच खणखणीत आवाजात सांगितलं. साहेबांनी ग्लास उचलला, फोटो होईपर्यंत ओठांजवळ धरला आणि सगळे टाळ्या वाजवत असताना हळूच बाजूच्या कुंडीत रिकामा केला. वस्तीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मास्तर, त्यांची नजर कसली चुकते? ते म्हणाले, "साहेब, कुंडीलाच पाजायचं होतं तर एवढं शुद्ध कशाला केलंत?"

हशा पिकला, पण मला रडू यायचं बाकी राहिलं. मी देवाचं नाव घेऊन ग्लास उचलला आणि घटाघटा प्यायलो. मास्तर म्हणाले, "तुमचं ठीक आहे हो, तुम्हाला पगार मिळतो. घरात चालतं का हे?" आणि दादा, माझ्या तोंडून 'हो' निघून गेलं. "मग येत्या रविवारी वहिनींना आणा. त्या प्यायल्या की आम्ही सगळे पिऊ."

घरी येऊन हिला समजावलं. म्हटलं, अगं, पृथ्वीवर नवं पाणी कुठून येणार? तेच ढगात जातं, तेच खाली येतं. जगातलं सगळंच पाणी कुणाचं ना कुणाचं उष्टंच आहे. आपण देवापुढे ठेवतो तेसुद्धा. पाण्याला आठवण नसते, असं रसायनशास्त्र म्हणतं. (रसायनशास्त्राचं लग्न झालेलं नसावं.) ती म्हणाली, "उष्टंखरकटं तुमच्या लेखी सारखंच ना? मग आजपासून भांडी तुम्ही घासा." तेव्हापासून घासतो आहे, आणि अबोला आहे तो आहेच.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
भांडी घासून हात सुरकुतलेला मेव्हणा

ता. क. : पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच, की ती ऐकते फक्त तुमचं. शनिवारी या आणि तिला तयार करा. जमल्यास रविवारी तुम्हीही एक ग्लास घ्या. थोरला भाऊ प्यायला म्हणजे तिला नाही म्हणता येणार नाही.

ता. ता. क. : दादा, पत्र टपालात टाकायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. तपासणीसाठी केंद्रातल्या पाण्याचा जो कॅन हे घरी आणून ठेवतात, त्यातलं पाणी नळ कोरडा असला की मी कधीपासून चहाला घेते. ह्यांना त्याच दिवशी चहा फक्कड लागतो. मी नाही म्हटलं ते पाण्याला नाही. पगार साहेबांचा, भाषण साहेबांचं आणि प्यायला तेवढी ह्यांची बायको? म्हणून मी काल साहेबांच्या बायकोला भेटून आले. बाई चांगल्या आहेत. रविवारी माझ्याबरोबर त्या पिणार, आणि साहेबांना स्वतःच्या हाताने पाजणार. तू ये, पण मला समजवायला नको. साहेबांच्या शेजारची खुर्ची धर आणि त्यांना उठू देऊ नकोस. त्यांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही.