शिनोलीची ढाल आणि कळंबचं मोरपीस

एडिंबरा, १२ फेब्रुवारी २०२३

ती. संपतकाकांना शि. सा. न. वि. वि.

तुमचा नियम पाळून महत्त्वाचं ते कागदावर लिहिते आहे. फोनवर सांगायला गेले तर रत्नाकाकू मधेच फोन घेते आणि मेथीच्या भावावर येते.

इथे स्कॉटलंडात ढालीवरची मानचिन्हं देणारे राजाचे एक अधिकारी आहेत, लॉर्ड लायन. अर्ज मंजूर झाला की चिन्ह रंगवून, मोहोर लावून देतात आणि सरकारी वहीत कायमचं चढवतात. इथे राहणाऱ्या, बऱ्या चालीच्या माणसाला अर्ज करता येतो. नऊ वर्षं इथली गुरं तपासते आहे, तर म्हटलं आपणही करावा. तिथल्या बाईंनी विचारलं, घराण्याचं काही जुनं चिन्ह आहे का. मी देवकाचं सांगितलं. लग्नाआधी त्याची पूजा होते, आणि देवक एक असलेल्या घरांत सोयरीक होत नाही, हेही सांगितलं. पण आपलं देवक कोणतं, इथे माझी दांडी उडाली. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. की सरळ आपल्याकडचा बिबट्या घालू?

लोभ आहे तसाच राहू द्या, काकूचा थोडा जास्त पाठवा.

तुमची समृद्धी

---

शिनोली, ५ मार्च २०२३

चि. समृद्धीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. एकदा घरात वाचलं, एकदा पारावर वाचून दाखवलं. बिबट्या अजिबात नको. मागच्याच महिन्यात शेजारच्या गोरखच्या गोठ्यातनं कालवड नेली त्यानं. चोराला ढालीवर बसवायचं आणि वर राजाची मोहोर मारून घ्यायची, हे बरं दिसतं का.

आपलं देवक मोरपीस. डोळे झाकून लिही. निळा, हिरवा, सोनेरी, रंगात काही कमी करू नका म्हणावं साहेबाला. तुझ्या चालीचं विचारलं तर, लहानपणी माझ्या स्कूटरच्या टाकीत साखर घातली होतीस, तेवढं सोडून बाकी बरी आहे. तुझी काकू मागनं काहीतरी ओरडतेय, ते लिहिण्यासारखं न्हाई.

माया पातळ करू नको, वेळेवर जेवत जा.

तुझा काका संपत

---

एडिंबरा, ९ सप्टेंबर २०२४

ती. काकांना शि. सा. न. वि. वि.

दीड वर्ष लागलं, पण चिन्ह मिळालं. वासराच्या कातड्यावर रंगवलंय, ते काकूला सांगू नका. भिंतीवर लावायला मोहोरेसकट नक्कल पाठवते आहे. मोरपीस इतकं देखणं आलंय की त्या बाईंनी माझ्या पूर्वजांचं कौतुक केलं.

एक मात्र ध्यानात ठेवा. इथे चिन्ह घराण्याचं नसतं, एकाच माणसाचं असतं. मला सख्खा भाऊ असता तरी त्याला थोडा फरक करून वेगळं घ्यावं लागलं असतं. दुसऱ्याचं वापरलं तर गुन्हा होतो. तेव्हा खोलीत लावा, आल्यागेल्याला दाखवा, पण टेंपोवर रंगवू नका.

आशीर्वादात खंड नको.

समृद्धी

---

शिनोली, २ डिसेंबर २०२४

चि. समृद्धीला रत्नाकाकूचा लई लई आशीर्वाद.

मी कधी पत्र लिवत न्हाई. आज लिवते, कारण तुझ्या काकाला तोंड उरलं न्हाई. तुझं ऐकून त्यांनी टेंपोवर काय घातलं न्हाई. फाटकावर नवी कमान बांधली आन तिच्यावर बैलाएवढं मोरपीस काढलं. अगं, आपलं देवक रुई हाय. रस्त्याच्या कडंला उगवती, शेळीबी तोंड लावत न्हाई, म्हणून ह्यांना तिची लाज. तवा मी मागनं हेच वरडत व्हते.

आता माझ्या लेकीची, हर्षालीची सोयरीक जमलीया. पोरगा कळंबचा, सुदर्शन. लई गुणाचा हाय, आन दोघांचं मन बसलंय. बोलणीत मी आपलं देवक रुई सांगितलं, त्यांनी त्यांचं मोरपीस सांगितलं. तुझ्या काकाचा पेढा घशातच राह्यला. मंडळी घर बघाय येणार म्हणताना ह्यांनी कमानीवर ताडपत्री टाकली. पावणं जीपमधनं उतरायला आन वाऱ्यानं ताडपत्री उडायला एकच गाठ. पोराचे आजोबा, सावळेराम आबा, नेमके खाली उभे. म्हणाले, हे तर आमचं देवक, मग तुमी आमी भाऊबंद झालो, बहीणभावाचं लगीन लावता का. घरात आल्यावर मी रुई रुई म्हणते, तर आबा भिंतीवरचा तुझा कागद दाखवतात. राजाची मोहोर खोटी आन तुमी खऱ्या, असं कसं, म्हणतात. तुझा काका ताडपत्री गोळा करायच्या निमित्तानं रस्त्याकडं पळाला. सोयरीक मोडायला आलीया आन पोरगी दोन दिस जेवली न्हाई.

मोहोर तू आणलीस, आता तूच काय ते कर. आमच्यावर जीव हाय तर लवकर कर.

तुझी रत्नाकाकू

---

एडिंबरा, १४ डिसेंबर २०२४

ती. सावळेराम आबांच्या सेवेशी सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी संपतकाकांची पुतणी, त्या मोहोरेची धनीण. मोहोर खरी आहे. पण साहेबांनी मी सांगितलं ते रंगवलं, ते काही शिनोलीला येऊन चौकशी करून गेले नाहीत. आणि मला काकांनी चुकीचं सांगितलं होतं. आमचं देवक रुईच.

दुसरं असं की इथल्या कायद्याने ते चिन्ह माझ्या एकटीचं आहे, घराचं नाही. काकांनी ते कमानीवर लावलं, हा गुन्हा झाला. इथला शिपाई तिथे पोचणार नाही, म्हणून तो अधिकार मी आपल्याला देते. आपण समोर उभं राहून काकांच्याच हातून ते पुसून घ्यावं. वहीतलं मात्र आता निघत नाही. चढलं ते चढलं, ते माझ्यापाशी राहील. हर्षालीचं लग्न तेवढं मोडू नका, हात जोडते.

आपल्या लोभावर अजून माझा हक्क नाही, तो मिळावा ही इच्छा.

समृद्धी

---

शिनोली, १० जानेवारी २०२५

कळंबकर वरपक्षाच्या मानाच्या पाहुण्या समृद्धीताई यांना मुलीच्या बापाचा सा. न. वि. वि.

हे वाचून दचकू नको. असंच लिहायचं, अशी आबांची आज्ञा आहे. का, ते सांगतो.

आबा तुझं पत्र घेऊन आले आणि कमानीखाली खुर्ची टाकून बसले. मी शिडीवर, हातात चुन्याची बादली. अर्धं शिनोली बघायला. चार हात मारले तरी पिसाचा डोळा चुन्यातनं बघतच व्हता. उतरलो आणि सगळ्यांदेखत सांगितलं की रुई आमची, खोटं मी लिवलं. पोरगी परमुलखात एकटी, बाप न्हाई मागं, तिनं गोऱ्या साहेबापुढं रस्त्यावरचं झुडूप घेऊन उभं राहू नये असं वाटलं. आबांनी आपली खुर्ची उचलून मला बसायला दिली. मग म्हणाले, सोयरीक कायम. हर्षाली त्या दिवशी चार भाकरी जेवली.

पण आबांनी अट घातली. राजाच्या वहीत जिच्या नावावर मोरपीस चढलं आणि आता उतरत न्हाई, ती पोरगी आमच्या देवकाची, म्हणजे आमची. लग्नाला ती कळंबच्या जीपमधनं येणार, करवली म्हणून. मी म्हणालो, आबा, माझ्या सख्ख्या भावाची लेक आहे ती. आबा म्हणाले, मोहोर दाखवा.

तेव्हा वीस फेब्रुवारीला तू ऐटीत उतरणार आणि मी फेटा बांधून तुझ्यापुढं हात जोडणार. आमटी खारट म्हणालीस तरी हसून ऐकून घेणार. तुझी काकू आत्तापासनं हसतेय.

फक्त एक मागणं आहे. आमच्याकडं देवक आदल्या सकाळी बसतं. तेवढ्या सकाळपुरती कळंबला न सांगता घरी ये. रुईची डहाळी आणायला कायम तुझा बाप जायचा, थोरला म्हणून. तो गेल्यापासनं मी जातो, पण ती खुडताना दरवेळी हात थांबतो. यंदा तू खुड.

लोभ कळंबला दाखवायचा तेवढा दाखव, राहू दे मात्र शिनोलीतच.

तुझा काका संपत