दोनशे बारावी प्रत

कोल्टर,

वासरांचं आटपून घरात येशील तोवर हॅटी उठलेली असेल. दूध बाटलीत भरलंय, नुसतं कोमट कर.

मी कोडीला, चित्रांच्या गॅलरीत चाललेय. बाबांच्या त्या आवडत्या चित्रकाराच्या प्रत्येक काउबॉय-चित्राच्या नंबर घातलेल्या छापील प्रतींतली दोनशे बारावी त्यांच्याकडेच यायची. नव्या चित्राचीही त्याच नंबरची प्रत गॅलरीने त्यांच्या नावाने ठेवलीय, पण फक्त आज दुपारपर्यंत. मग ती दुसऱ्या कुणाला देतील.

काल तू म्हणालास, "गेलेल्या माणसाचा नंबर काय कवटाळून बसलीस?" हॅटीने आजोबांना पाहिलं नाही, कोल्टर. ते जे बघत बसायचे, ते तरी तिला बघू दे.

पाळण्यासमोर खिळा ठोकून ठेव. नसशील ठोकणार, तर हातोडी बाहेर काढून ठेव. मी ठोकेन.

शेल्बी