रुळाचा तुकडा

रविवार, ठाकुर्ली

आज चर्चमधून निघताना गावाकडच्या सुशीलामावशीने हात धरला. "पुस्तिकेत आईचं नाव घातलंस ना रे?" मी हो म्हणालो. घातलेलं नाही.

आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास त्या पुस्तिकेसाठी मीच लिहिलाय. चर्चला घंटा नव्हती तेव्हा मावशीची आई, रत्नाबाई, दारात टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा बडवून सगळ्यांना उपासनेला बोलवायची. एकदा पोर आजारी पडलं म्हणून तिने गावदेवीपुढे नारळ फोडला. माझे आजोबा मंडळीचे पंच, त्यांनी तिचं प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर नि द्राक्षारस, बंद केलं. तरी दर रविवारी ती रूळ वाजवायचीच. सगळे आत जायचे, ती बाहेर पायरीवर बसायची.

हे लिहिलं तर आजोबांचं काय? म्हणून मी लिहिलं, 'घंटा येण्यापूर्वी लोक आपोआप जमत.' आपोआप. मग तो रूळ काय वाऱ्याने वाजत होता?

मावशीला आता दिसत नाही. म्हणाली, "छापून आलं की आईचं तेवढं मला वाचून दाखव." मी परत हो म्हणालो. आणि घरी येताना पहिलं मनात काय आलं, तर नसलेली ओळही तिला वाचून दाखवता येईल.