बुजवलेल्या विहिरीचा खर्च

बाबा, तारोडीची आपली वाडी माझ्या टेबलावर आलीय. तू विकलीस, ज्याने घेतली त्याने पुढे विकली, आणि आता तिथे चार मजली बिल्डिंग उभी राहणार आहे. मी काशीमिऱ्याला एका बिल्डरच्या ऑफिसात एस्टिमेट काढते. जमिनीचा भाव, पाया, सळई, सिमेंट, सगळं धरून घर कितीला पडेल ते आधी सांगायचं, हे माझं काम. वाडीचा नकाशा उघडून बघितला. लिफ्टचा खड्डा बरोब्बर आपल्या विहिरीवर दाखवलाय. माती तपासायला त्यांनी प्लॉटच्या कोपऱ्यांत भोकं पाडली, सगळीकडे चांगला मुरूम लागला. मधे विहीर आहे हे कुणाच्या बापाला ठाऊक नाही. माझ्याच बापाला तेवढं ठाऊक होतं.

तो दिवस आठवतो. मी चुलीपाशी बसलेय, आई भाकऱ्या थापतेय. बाहेर तू विहिरीत केळीचे खुंट, डबर, फुटकी कौलं, मिळेल ते लोटतोयस. गिऱ्हाईक बिल्डिंगवाला, विहीर दिसली तर भाव पाडेल, हा तुझा हिशोब. आईने सकाळीच रडून घेतलंय, कठड्यावर नारळ फोडलाय. ती एकदाच म्हणते, "पान्याला असं गाडू नये." तू तिच्याकडे नुसता बघतोस आणि ती पुढची भाकरी थापायला घेते. जेवायला बसलास तेव्हा हाताची माती तशीच होती. विहिरीच्या दिशेने हात करून मला म्हणालास, "हितं बाव नव्हतीच कवा. कललं?" कळलं रे बाबा. इतकं कळलं, की त्यानंतर विहिरीचं नाव मी तोंडातून काढलं नाही. त्याच जमिनीच्या पैशांतून तू मला डिप्लोमा करवलास, आणि पाया कसा घालायचा ते मी शिकले.

सोमवारपासून तिथे खोदाईला पोकलेन लागणार होता. तुझ्या त्या भुसभुशीत भरावावर ते धूड उभं राहिलं की ऑपरेटरसकट आत. रोज चहा पिताना मला तेच दिसायचं. सांगावं तर साहेब विचारणार, तुला कसं माहीत? म्हणून मी नुसताच पायाचा खर्च वाढवून ठेवत होते आणि साहेब तो खोडत होते. मुरूम लागलाय ना, मग घाबरतेस कशाला, म्हणायचे. हायवेवरून ट्रक गेला की ऑफिसच्या काचा थरथरतात. प्रत्येक वेळी वाटायचं, गेलं, कोसळलं.

आज सांगून टाकलं. साहेबांना साइटवर नेलं, वाडी आमची होती म्हटलं आणि जागा दाखवली. तीही लांबूनच, त्या मातीवर पाय ठेवायची छाती झाली नाही. त्यांनी फोनवर फोन करून काम थांबवलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "बुजवली कुणी?"

तू जाऊन किती वर्षं झाली. माझेही केस पिकले. तरी बाबा, तुझं नाव घ्यायला जीभ रेटेना. मी म्हणाले, "आईने."

संध्याकाळी आईकडे गेले. तिने भाकरी वाढली, तोंड का उतरलंय, ऑफिसात काय झालं, विचारलं. मी "काही नाही" म्हणून भाकरी मोडली. हे पत्र तुला पोचणार नाही, म्हणून एवढं तरी लिहवलं.