बाईंच्या एक्केचाळीस फाइली

बाई, तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं होतील. शाळेतल्या तुमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत मी अजून आहे. शिपाई नाही आणि शिक्षकही नाही, मधलाच कुणीतरी. हजेरीपटावर ‘सहायक’ लिहितात. तुम्ही होतात तेव्हा मी तुमच्याशी कधी लांबलचक बोललो नाही. तुम्ही विचारायचात आणि मी मान हलवायचो. आता तुम्ही काही विचारू शकत नाही, म्हणून मला तोंड फुटलंय. हा भित्रेपणा आहे, मला कळतं.

बाबांना तुमच्या घरी घेऊन आलो तो दिवस मला दिसतो. मी दहावीला होतो. खाडीचा बांध फुटून आमचं मिठागर बुडालं होतं, मालकाने ते पुन्हा बांधलं नाही, आणि बाबा घरात नुसते बसून होते. तुम्ही तेव्हा गावातल्या जुन्या मीठवाल्यांना एकेक करून बोलवायचात आणि त्यांचं सगळं लिहून घ्यायचात. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं की माणसं गप्प होतात, हे तुम्हाला आधीच कळलं होतं. म्हणून तुम्ही त्यांना स्वयंपाकघरात पाट द्यायचात आणि त्यांच्यासमोर तांदळाची भाकरी थापायला घ्यायचात. तुम्ही घाटावरच्या. तुमची भाकरी तव्यावर जायच्या आधीच मोडायची. समोरचं माणूस दोन भाकऱ्या मोडेपर्यंत कसंबसं बघत राहायचं, मग त्याला राहवायचं नाही. बाबा म्हणाले, “बाय, पानी उकलता घ्या. थंड्या पान्यान कशी व्हईल?” आणि तिथून जे बोलायला लागले ते दोन तास. दिवसाला चार वाक्यं बोलणारा माझा बाप. मला तुम्ही पडवीत चिंचा सोलायला बसवलं होतं. आतून त्यांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मधे एकदा आवाज थांबला आणि बराच वेळ भांड्याचाही आवाज आला नाही. बाहेर आले तेव्हा त्यांनी टॉवेल तोंडावर धरलेला. रस्त्यात मी विचारलं, “काय बोललाव बाबा?” ते म्हणाले, “मिठाचा बोललो.” आणि चपला हातात घेऊन पुढे चालू लागले.

ते सगळं तुम्ही दुपारच्या सुट्टीत शाळेतल्या कोपऱ्यातल्या मशीनवर दोन बोटांनी टाइप करायचात. कागदाला इथली हवा मानवत नाही म्हणायचात. तुमच्या वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या, त्यामुळे कॉम्प्युटरवर तुमचा भारी विश्वास. मला तुम्ही एकदाच बोललात, तेही त्या मशीनवरून. मी घाईत भिंतीवरचं बटण दाबून ते बंद केलं, तर म्हणालात, “माणूस बोलत असताना तू असा उठून जातोस का? मग यालाही सांगून बंद कर.” पुढे मला शाळेत ठेवून घेतलं तेव्हा तुम्ही मला रंगाचा एक मऊ ब्रश दिलात, कीबोर्डमधली खारी धूळ काढायला. मग तुम्ही आजारी पडून पुण्याला गेलात आणि महिन्याभरात बातमी आली. तुमचा मुलगा येऊन भांडी आणि पुस्तकं घेऊन गेला. कोपऱ्यातल्या मशीनबद्दल त्यानेही विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

आता जे सांगायचंय ते लॉकडाऊननंतरचं आहे. दोन वर्षं खोलीला कुलूप होतं. उघडली तर अकरा मशीनपैकी एक धड सुरू होईना. जी सुरू व्हायची ती विद्यार्थ्यांची प्रार्थना संपेपर्यंत फिरतं चक्रच दाखवत बसायची. नवी घ्यायला पैसा नव्हता. मुख्याध्यापक म्हणाले, भंगारात देऊन टाकू, अधिकारी यायचे आहेत, निदान खोली तरी स्वच्छ दिसेल. मला ते सहन झालं नाही. मी मोबाइलवर बघून बघून शिकलो. जुन्या मशीनला झेपेल अशी हलकी लिनक्स असते, फुकट मिळते, पेनड्राइव्हवर घेऊन लावता येते. मी एकेक डबा खोलला, पंख्यातली दमट लोकर काढली, मेमरीच्या पट्ट्यांच्या पितळी कडा खोडरबराने घासल्या, सेल बदलले. तुमचा ब्रश तेव्हाच झिजून संपला. पहिलं मशीन सुरू झालं आणि पडद्यावर मराठीत ‘स्वागत’ आलं, तेव्हा मी एकटाच खोलीत उभा राहून हसलो. बाई, ते काम मी मनापासून केलं. हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही. मन लावून केलेल्या कामातच घात झाला, एवढंच.

तुमचं मशीन मी शेवटी ठेवलं होतं. त्यातली जुनी सिस्टीम सुरूच होईना, म्हणून पेनड्राइव्हवरूनच नवी सुरू करून आत डोकावलो. एक फोल्डर मिळालं. त्यात फाइली होत्या, एक ते एक्केचाळीस, नावं नाहीत, नुसते आकडे. मला लगेच कळलं की या तुमच्याच. पहिली उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं, मधे कंस, टिंबं, डॉलरची खूण, कशाचा कशाला मेळ नाही. दुसरी उघडली, तीच गत. अशा सात उघडल्या. मला वाटलं, व्हायरसने खाल्लं. वाळवीतून सुटलं ते इथे गेलं, असंही मनात आलं आणि मी चुकचुकलोसुद्धा. अधिकारी सोमवारी येणार होते, तो शुक्रवार होता. त्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायला मला पाच मिनिटं लागली नसती. पण सडलेलं धान्य कोण भरून ठेवतो? नव्या सिस्टीमने मला चक्क मराठीत विचारलं की या डिस्कवरची सगळी माहिती पुसली जाईल, पुढे जायचं का. मी पुढे गेलो.

नऊ मशीनं जगली. सोमवारी अधिकारी खूश झाले. सव्वीस जानेवारीला मला शाल आणि नारळ दिला. बाबा कंपाउंडच्या बाहेर उभे राहून बघत होते. आत या म्हटलं तर आले नाहीत.

पुढच्या वर्षी दहावीच्या निरोप समारंभाच्या पत्रिका आणायला मी पेणला एका छापखान्यात गेलो. छापखान्यातला माणूस जुन्या एका लग्नपत्रिकेची फाइल शोधत होता, तसाच मजकूर कुणाला तरी हवा होता. त्याने फाइल उघडली आणि पडद्यावर तेच आलं. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरची खूण. मी म्हटलं, “गेली ही. व्हायरस हाय.” तो हसला. “व्हायरस कसला? मशीन नवीन हाय ना, फॉन्ट टाकला नाय अजून. पूर्वीचा सगला मराठी टायपिंग असाच असतो. फॉन्ट नसला की असा दिसतो.” त्याने कुठूनतरी जुना फॉन्ट आणून टाकला, सगळा मजकूर निवडला, यादीतून एक नाव निवडलं. आणि बाई, त्या कचऱ्यातून गणपतीचा श्लोक उभा राहिला, मग कुलस्वामिनी, मग वधूवरांची नावं, मुहूर्त, सगळं. एक काना इकडचा तिकडे झाला नव्हता. मी त्याच्याकडे पाणी मागितलं. त्याला वाटलं मला ऊन लागलं.

मी परत येऊन तुमच्या मशीनची डिस्क काढली आणि पुसलेलं परत मिळवायचा एक प्रोग्राम तिच्यावर चार दिवस चालवला. पण वर्षभर पोरांनी तिच्यावर चित्रं काढली होती, निबंध लिहिले होते. एक्केचाळिसातून दीड पान मिळालं. ते घेऊन छापखान्यात गेलो, फॉन्ट लावला. ती कुणा म्हातारीची गोष्ट होती. ती सांगत होती की मिठागरात उभ्या उभ्या पोर झालं तेव्हा नाळ कापायला काय वापरलं. मधेच पान संपलं. तुम्ही तिचा एकही शब्द सुधारला नव्हता, तिची भाषा जशीच्या तशी ठेवली होती. त्यावरून मला कळलं की बाकीच्या चाळीस फाइलींत काय असणार. त्यातली एक बाबांची होती.

आणि बाई, बाबा तेव्हा जिवंत होते. हे मला लिहायला सगळ्यात जड जातंय. मी ज्या दिवशी ते दीड पान वाचून छापखान्यातून आलो त्या दिवशी ते ओट्यावर बसून जाळं विणत होते. चांगले बोलतेचालते होते. मी त्यांच्यासमोर बसून म्हणायला हवं होतं, बाबा, बाईंना सांगितलंत ते माझ्या हातून पुसलं गेलं, मला परत सांगा, या वेळी मी लिहितो. मी शेजारी बसलोही. त्यांनी विचारलं, “काय झाला रं? तोंड कशाला उतरलाय?” मी म्हटलं, “काय न्हाय.” झाकली मूठ सव्वा लाखाची. शाल आणि नारळ घेतलेल्या माणसाने कसं सांगायचं? त्यानंतर ते चौदा महिने जगले. चौदा महिने आम्ही एका ताटलीतले बोंबील खाल्ले आणि मी रोज ठरवत होतो की उद्या विचारू. अशाच एका ‘उद्या’ त्यांना धाप लागली, अलिबागला नेलं, संपलं.

तेरावं झाल्यावर आई म्हणाली, “तुझे बापान बायना सांगलेला, ता शालेत हाय ना? मना एकदा वाचून दाव. मना कवाच काय बोलला नाय तो.” आई शाळेत कधी गेली नाही. तिच्या हातात मी कुठलाही कागद दिला असता तरी चाललं असतं. मी म्हटलं, “हाय. आनतो.”

मी लिहिलं, बाई. तुमच्याच कोपऱ्यात बसून, तुम्ही त्या म्हातारीचं जसं लिहिलंत तसं. दिवाळीनंतर खाडीचं पाणी आत घ्यायचं, वाफा पायांनी तुडवून घट्ट करायचा, पांढऱ्या उन्हात डोळे कसे आंधळे होतात, मला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं घातलं. दोन तासांचं बोलणं माझ्याकडून तीन पानांत आटोपलं. आईला दुपारी वाचून दाखवलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. मिठाच्या पाट्या बाबा डोक्यावर उचलायचे असं मी लिहिलं होतं, तिथे तिने मला थांबवलं. “पाट्या मी उचललेल्या. तो ढीग करायचा.” मग म्हणाली, “इसरला असंल. वय झालेला.” माझी चूक तिने त्यांच्या म्हातारपणावर घातली आणि पुढे वाच म्हणाली.

शेवटी मी एक वाक्य घातलं होतं. माझा पोरगा मिठात आला नाय, ता बरा झाला. तो करतोय ता मना समजत नाय, पन मी लांबून बघतो. आई त्या वाक्याला रडली. म्हणाली, “बगितलास? मनात व्हता त्याचे.” कागद तिने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून दिला. दर रविवारी जेवण झालं की ती पिशवी काढते आणि मी वाचतो. आता शेजारच्याही दोघी येऊन बसतात. त्यांच्या नवऱ्यांच्याही फाइली होत्या, त्या कधी वाचशील म्हणून विचारतात. मी म्हणतो, शोधतोय.

आतून काय आवाज येत होता हे आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न करतो. पण आता पडवीतून ऐकू येणारा तो आवाजही माझीच वाक्यं बोलायला लागलाय. त्या मधल्या शांततेत त्यांनी तुम्हाला काय सांगितलं, ते तुम्हा दोघांनाच माहीत. त्यात माझं नाव तरी होतं का, कोण जाणे. नसेलही.

हे मी वहीत पेनने लिहिलंय. शेजारणींना खरं सांगायचं की नाही याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि ते तुमच्याकडून मागायचाही मला हक्क नाही. पान फाडून चुलीत घालीन बहुतेक. पण एक गोष्ट कुणाला तरी सांगायची होती. परवाच्या रविवारी मी वाचत असताना आईला दुसऱ्याच पानावर झोप लागली. शेजारणी आल्या नव्हत्या. घरात ऐकणारं कुणी नव्हतं. मी थांबलो नाही, बाई. शेवटच्या वाक्यापर्यंत मोठ्याने वाचत गेलो, आणि ते वाक्य दोनदा वाचलं.