मेहुण्याच्या पेशी

३ जानेवारी
संकल्प : कुणाचा हेवा करायचा नाही. आजपासून मेहुणा आमच्याच लॅबमध्ये. बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे आपलाच माणूस. सगळं शिकवीन. हृदयावर ताण आला की ते एक हार्मोन सोडतं आणि मूत्रपिंडातल्या पेशींना बजावतं, सोडियम आत ओढू नका. नऊ वर्षं हेच माझं काम. पेशी अजून ऐकत नाहीत, हा भाग वेगळा.

१९ जानेवारी
मेहुण्याच्या पेशींनी ऐकलं. सोडियम निम्म्यावर! नवशिक्याचं नशीब. लॅबच्या प्रमुख मॅडम सुरेख म्हणाल्या. दोनदा.
वर मला म्हणतो, भाऊजी, तुमची हार्मोनची बाटली एकदा बघता का? मी सांगितलं, तू शिकायला आलायस.

२० जानेवारी
मेहुणा जेवायला. बायको त्याला आग्रह करकरून वाढत होती. मला मात्र बीपीची आठवण आणि अळणी भाजी.

२ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
त्याची चूक पकडणार. हेव्यापोटी नव्हे, विज्ञानासाठी. प्रयोग त्याचा, पेशी त्याच्या, फक्त हार्मोन माझं.

संध्याकाळी ६
सोडियम जसंच्या तसं! मेहुणा उघडा पडला. फार वाईट वाटलं. वाईट वाटत असताना शीळ कशी काय वाजत होती, कळलं नाही.

५ फेब्रुवारी
मीटिंग. सगळ्यांसमोर आलेख लावला. मेहुणा मान खाली घालून. मॅडमनी विचारलं, हार्मोन कधीचं? मी ताठ मानेनं म्हणालो, नऊ वर्षं एकच बाटली, उधळपट्टी नाही. किती वेळा वितळवून पुन्हा गोठवली? म्हटलं, रोजच.
मॅडमनी डोळे मिटले. असं चार-पाचदा केलं तरी हार्मोन निकामी होतं म्हणे.
इतकी वर्षं पेशींना पालथा घडा म्हणत होतो. घडा सुलटाच होता. पाणीच नव्हतं.

६ फेब्रुवारी
बायकोला म्हटलं, तुझ्या भावानं मला तोंडघशी पाडलं. ती म्हणाली, त्यानं एकांतात सांगितलं होतं, तुम्हीच चारचौघांत गेलात.
मी म्हटलं, भाजीत मीठ नाही.

९ फेब्रुवारी
मेहुण्यानं न बोलता नवी बाटली टेबलावर ठेवली. सगळे जेवायला गेल्यावर वापरली.
आकडा उतरू लागला. उतरतच गेला. निम्म्यावर! नऊ वर्षांनी माझ्या पेशींनी ऐकलं. तसाच मॅडमकडे धावलो.
त्या म्हणाल्या, छान. पण हे तर गेल्या महिन्यातच झालं ना?