गोचिडीचे चट्टे

आबा, माझ्या डोक्यावर तीन चट्टे पडले आहेत. चिंचोक्याएवढे, गुळगुळीत, मधोमध काळी खपली. बोट सारखं तिथंच जातं. गेल्या महिन्यात भुरभुर पावसात मी नुकतंच जन्मलेलं कोकरू घोंगडीत गुंडाळून आणलं आणि मग तीच घोंगडी खोळ करून डोक्यावर घेतली. दुपारी केसांत गोचिडी हाताला लागल्या. घाईनं ओढून काढल्या. तुम्ही असता तर हातावर चापट बसली असती. लहानपणी तुम्ही चुलीपुढं माझं डोकं मांडीवर घ्यायचात, गोचिडीवर करंजाचं तेल सोडायचात, आणि मी चुळबुळ केली की म्हणायचात, "वढू नको बे, तोंड आत ऱ्हातं." आता तोंडं आत राहिली आणि भोवतीचे केस गळून गेले.

पटक्याखाली झाकून भागलं असतं. पण कडा गावच्या पाहुण्यांनी मुलगी देऊ केली आहे, आणि आपल्यात सुपारीला मुलीचा बाप मुलाच्या उघड्या डोक्यावर स्वतः फेटा बांधतो. त्यांची अट एकच, पोरीला मेंढरांमागं रानोमाळ फिरवायचं नाही. चुलत्यांनी सांगून टाकलं होतं की पोरगं आष्टीच्या कचेरीत लिहायला बसतं, मेंढरांकडं फिरकतसुद्धा नाही. न्हावी म्हणाला, "चाई हाय, केस झडायचा रोग. पसरंल." चाई म्हणावं तर मी रोगट, गोचीड म्हणावं तर मेंढक्या.

"खाटंवरनं पडलो म्हण," चुलते म्हणाले.

"तीनदा?"

"मंग काय. लिवणाऱ्याला झोप लईच आसती."

काल सुपारी होती. मी पटका काढून मांडीवर ठेवला आहे. मुलीचा बाप फेट्याचं टोक धरून थांबतो.

"ह्ये काय रं?"

चुलते खोकतात. मी म्हणतो, "गोचीड."

"मंजी मेंढरांत जातूस."

"रोज. कचेरीच्या आधी."

"कावून?"

मी मांडीवरच्या पटक्याची कड सारखी करतो. तो फेट्याची परत घडी करू लागतो. घडी नीट येईना, म्हणून दुसरं टोक मीच धरलं. "पोरीला इचारतो," एवढं म्हणून तो जेवण न घेता गेला.

अजून निरोप नाही. चुलते बोलत नाहीत. चुलती म्हणते, खरं बोललास, बरं केलंस. पण मी सगळं कुठं बोललो? तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच न भिता हे लिहून ठेवतो. मेंढरांत मला करमतं, कचेरीत नाही. हे तिथं सांगितलं असतं तर मुलगी तेव्हाच हातची गेली असती, आणि मला ती हवी आहे.